तुम्ही विचारलंत: बायबलच्या त्या ओळीत १९४६ साली काय बदललं?

मागच्या अंकात एका उत्तरात जाता जाता मी एवढंच लिहिलं होतं की इंग्रजी बायबलमध्ये 'होमोसेक्शुअल' हा शब्द पहिल्यांदा १९४६ साली आला. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतेय. काहींना राग आलाय, काहींना सुटल्यासारखं वाटलंय, बऱ्याच जणांना नुसती पूर्ण हकिकत हवीय. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम काढलीत, विषय असा आहे की नाव छापलं तर घरात त्रास होऊ शकतो.

प्रश्न: ताई, १९४६ च्या आधी हा शब्द बायबलमध्ये नव्हता म्हणजे नेमकं काय? आमचे पाळक म्हणतात शब्द नवा असेल पण गोष्ट जुनीच आहे. नक्की काय झालं ते जरा सविस्तर सांगाल का?

सांगते, आणि हे उत्तर लांबणार आहे, कारण बाकीची सगळी उत्तरं याच्यावरच उभी आहेत.

येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र घ्या, अध्याय ६, वचन ९ आणि १०. देवाच्या राज्यात कोणाला वाटा मिळणार नाही याची तिथे यादी आहे: जारकर्मी, मूर्तिपूजक, व्यभिचारी, चोर, लोभी, दारुडे, निंदा करणारे, लुबाडणारे. या यादीत मध्येच दोन ग्रीक शब्द एकापाठोपाठ येतात, मालाकोई आणि आर्सेनोकोइताई. सगळा वाद या दोन शब्दांचा आहे. पहिल्याचा साधा अर्थ मऊ, नरम. दुसरा मात्र अवघड, कारण पौलाच्या आधी कोणी तो वापरलेला सापडत नाही. 'पुरुष' आणि 'बिछाना' हे दोन शब्द जोडून तो बनलाय, म्हणजे ढोबळमानाने 'पुरुषांबरोबर निजणारे'.

आता गंमत नाही, गंभीर गोष्ट बघा, शेकडो वर्षं बहुतेक भाषांतरकारांनी हे दोन शब्द दोनच ठेवले. इंग्रजी भाषांतर करणाऱ्या टिंडेलने १५२६ साली पहिल्या शब्दाला 'दुबळे' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द घातला. लूथरच्या जर्मन बायबलात पहिल्याला 'मऊ, लेचेपेचे लोक' असा शब्द आहे आणि दुसऱ्याला थेट 'मुलांना नासवणारे', म्हणजे लहान मुलांचं शोषण करणारे. १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात पहिला शब्द 'इफेमिनेट', म्हणजे बायकी, आणि दुसऱ्यासाठी पूर्ण वाक्यांश, 'पुरुषांबरोबर स्वतःची विटंबना करणारे'. यातलं कुठलंही भाषांतर समलैंगिक माणसाला फार मायेने वागवत होतं असं मी म्हणत नाही, पण प्रत्येक ठिकाणी बोलणं चाललंय ते कोणीतरी काय करतो याबद्दल.

मग १९४६ मध्ये अमेरिकेत रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनचा नवा करार छापला गेला. कमिटीचे प्रमुख होते लूथर वाइगल, येल विद्यापीठातले मोठे विद्वान. या कमिटीने दोन्ही ग्रीक शब्द एकत्र करून त्यांच्या जागी एकच शब्द घातला, 'होमोसेक्शुअल्स'. खाली बारीक अक्षरात तळटीप होती की या एका शब्दात दोन ग्रीक शब्द आलेत. तळटीप किती जण वाचतात ते तुम्हालाही माहीत आहे. आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट ही की तोच आर्सेनोकोइताई शब्द तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१:१०) पुन्हा येतो आणि तिथे त्याच कमिटीने, त्याच पुस्तकात, 'सोडोमाइट्स' (सदोम गावाच्या नावावरून आलेला शब्द) असा वेगळाच शब्द घातला. म्हणजे त्यांचं त्यांनाही एक उत्तर पक्कं नव्हतं.

तुमचे पाळक म्हणतात गोष्ट जुनीच. इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. 'होमोसेक्शुअल' हा शब्द १८६९ मध्ये जर्मन भाषेत पहिल्यांदा छापला गेला, कार्ल मारिया केर्टबेनी नावाच्या लेखकाने तो बनवला, तोही प्रशियात पुरुषांच्या परस्परसंबंधांना शिक्षा करणाऱ्या कायद्याच्या विरोधात लिहिताना. इंग्रजीत तो १८९० च्या दशकात डॉक्टरांच्या पुस्तकांमधून आला. हा शब्द माणूस काय करतो ते सांगत नाही, माणूस कोण आहे, त्याचं मन कोणाकडे ओढलं जातं ते सांगतो. पहिल्या शतकात पौलासमोर जे होतं त्यात गुलाम मुलांना वापरणारे मालक होते, पैसे देऊन ठेवलेली पोरं होती, आणखीही बरंच असेल, पण 'जन्मभर ज्याची ओढ आपल्याच लिंगाकडे आहे असा एक माणूस' अशी कल्पना त्या शब्दातून सरळ निघत नाही. १९४६ पासून मात्र ते वचन वाचणारा पंधरा वर्षांचा मुलगा, ज्याने कोणाचा हातसुद्धा धरलेला नाही, तो त्या यादीत स्वतःला चोरांच्या आणि लुबाडणाऱ्यांच्या शेजारी उभा बघायला लागला. त्याने काही केलं म्हणून नाही, तो आहे म्हणून. हा फरक लहान नाही आणि तो पौलाने केलेला नाही.

पुढची हकिकतही ऐका. १९५९ मध्ये धर्मशास्त्र शिकणाऱ्या एका तरुण विद्यार्थ्याने वाइगल यांना पत्र लिहून ही निवड चूक आहे असं कळवलं आणि कारणं मांडली. वाइगल यांनी ते गांभीर्याने घेतलं. पण नवी आवृत्ती यायला १९७१ उजाडलं, तेव्हा तो शब्द जाऊन 'सेक्शुअल पर्व्हर्ट्स', म्हणजे लैंगिक विकृत, असा आला. आजच्या कानाला हा शब्द आणखी वाईट लागतो, पण निदान तो एका अख्ख्या समूहाचं नाव नव्हता. त्याच भाषांतराच्या १९८९ च्या न्यू रिव्हाइज्ड आवृत्तीत परत दोन शब्द वेगळे झाले, पुरुष वेश्या आणि सोडोमाइट्स. २०२१ च्या सुधारित आवृत्तीत दुसऱ्या शब्दाच्या जागी 'अवैध संभोग करणारे पुरुष' अशा अर्थाचं काहीतरी आहे आणि तळटीप सरळ म्हणते की मूळ शब्दाचा अर्थ निश्चित नाही.

तोपर्यंत बाकी भाषांतरांमध्ये तो शब्द रुजला होता. आणि कसा रुजला ते बघा. न्यू अमेरिकन स्टँडर्डने १९७० च्या दशकात 'होमोसेक्शुअल्स' हा शब्द दुसऱ्या ग्रीक शब्दाला लावला, पहिला 'इफेमिनेट' ठेवला. १९८२ च्या न्यू किंग जेम्सने उलट केलं, तोच शब्द पहिल्याला लावला आणि दुसऱ्याला सोडोमाइट्स. म्हणजे एका बायबलात तो दोन्ही शब्दांचा अर्थ, दुसऱ्यात दुसऱ्या शब्दाचा, तिसऱ्यात पहिल्या शब्दाचा. मंडळीत बसलेल्या माणसाला यातलं काही कळायचा मार्गच नाही, त्याच्या हातात एक पुस्तक असतं आणि त्याला सांगितलेलं असतं की हे देवाचं वचन आहे.

प्रश्न: म्हणजे हे सगळं भाषांतराच्या चुकीवरच उभं आहे ना? माझा मित्र म्हणतो बायबल समलैंगिकतेबद्दल काही बोलतच नाही, १९४६ मध्ये कोणीतरी ते घुसडलं. मी हे चर्चच्या तरुणांच्या ग्रुपवर टाकू का?

असंच्या असं टाकू नका. मनापासून सांगते, कारण ग्रुपवरचा एखादा अभ्यास केलेला माणूस पाच मिनिटांत ते खोडून काढेल आणि मग तुम्ही म्हणताय त्यातला खरा भागही कोणी ऐकणार नाही.

बायबल काहीच बोलत नाही हे खरं नाही. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात १८:२२ आणि २०:१३ मध्ये पुरुषाने पुरुषाशी 'स्त्रीशी निजावं तसं' निजू नये असं स्पष्ट आहे, दुसऱ्या ठिकाणी तर मृत्युदंड आहे. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल पुरुषांनी पुरुषांशी केलेल्या कामवासनेच्या कृत्यांबद्दल लिहितो, आणि ते कौतुकाने लिहीत नाही. ही वचनं १९४६ च्या शेकडो वर्षं आधीपासून तिथेच आहेत आणि चर्चने ती विरोधातच वाचली.

आर्सेनोकोइताईबद्दल विद्वानांमध्ये काय चाललंय ते थोडक्यात सांगते. इतिहासकार जॉन बॉस्वेल यांनी १९८० मध्ये मांडलं की हा शब्द पुरुष वेश्यांबद्दल आहे. १९८३ मध्ये रॉबिन स्क्रॉग्ज म्हणाले पौलाच्या डोळ्यासमोर ग्रीक-रोमन जगातली मुलांना ठेवण्याची चाल होती. मग १९८४ मध्ये डेव्हिड राइट यांनी दाखवलं की जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, लेवीय २०:१३ मध्ये, 'आर्सेनोस' आणि 'कोइतेन' हे दोन शब्द अगदी शेजारी शेजारी आलेत, तेव्हा पौलाने (किंवा त्याच्यासारख्या ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी) तिथूनच शब्द जोडून घेतला असणार. हा मुद्दा बळकट आहे, मला तो पटतो, आणि पुढे रॉबर्ट गॅग्नन यांच्यासारख्या परंपरावादी अभ्यासकांनी त्याच्यावर बरंच बांधलं. उलट बाजूने डेल मार्टिन यांनी १९९६ मध्ये विचारलं की शब्द कशापासून बनला यावरून त्याचा अर्थ ठरतो का? त्यांनी नंतरच्या ग्रीक लिखाणातल्या याद्या काढून दाखवलं की हा शब्द बऱ्याचदा पैशाच्या, पिळवणुकीच्या पापांजवळ येतो. तीमथ्याच्या यादीतही त्याच्या लगेच पुढे माणसं पकडून विकणारे येतात.

मला यातून काय वाटतं? शब्द लेवीयातूनच आला असावा, आणि तरीसुद्धा त्याचं भाषांतर 'समलैंगिक लोक' असं होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. लेवीयाची ओळही कृतीबद्दलच आहे. तेव्हा ग्रुपवर लिहायचंच असेल तर एवढं लिहा की पौलाने काही कृत्यांना नावं ठेवली, आणि एका अख्ख्या प्रकारच्या माणसांना नावं ठेवायचं काम भाषांतराने केलं. हे कोणाला खोडता येणार नाही.

प्रश्न: सदोमचं काय मग? लहानपणापासून ऐकलंय की सदोम आणि गमोरा याच पापामुळे जळले.

उत्पत्तीचा १९ वा अध्याय परत वाचा, शांतपणे. गावातले सगळे पुरुष सदोममध्ये राहणाऱ्या लोटाच्या दाराशी जमतात आणि घरात आलेल्या परक्या पाहुण्यांना बाहेर काढ म्हणतात, त्यांच्यावर बळजबरी करायला. हा सामूहिक बलात्काराचा प्रयत्न आहे. दोन माणसांच्या प्रेमाशी याचा संबंध लावणं मला कधीच समजलेलं नाही. शास्ते पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात जवळजवळ अशीच गोष्ट आहे, तिथे शेवटी एका बाईवर रात्रभर अत्याचार होतो आणि ती मरते, आणि त्यावरून कोणी असं म्हणत नाही की देवाला स्त्री-पुरुष संबंध नको आहेत.

सदोमचं पाप काय होतं ते यहेज्केल १६:४९ मध्ये सांगितलंय: गर्व, भरपूर अन्न, निवांत सुखवस्तूपणा, आणि गरीब-गरजूंना हात न देणं. पुढच्या ५० व्या वचनात 'अमंगळ कर्म' असा शब्द आहे, तो लपवायचा नाही, पण तो शब्द जुन्या करारात मूर्तिपूजेपासून खोट्या वजनमापांपर्यंत पुष्कळ गोष्टींना लावलेला आहे.

भाषांतराने इथेही हात लावलाय. अनुवाद २३:१७ मध्ये 'कादेश' असा हिब्रू शब्द आहे, पवित्र किंवा वेगळं ठेवलेलं या अर्थाच्या धातूपासून आलेला, बहुतेक देवळाशी जोडलेल्या कोणा पुरुषासाठी. किंग जेम्सने तिथे आणि राजांच्या पुस्तकांत 'सोडोमाइट' घातलं. हिब्रूत तिथे सदोम गावाचा मागमूस नाही. पण इंग्रजी वाचकाला वाटत राहिलं की सदोमची गोष्ट पुन्हा पुन्हा येतेय, म्हणजे देव पुन्हा पुन्हा याच पापावर बोट ठेवतोय. तीनशे-साडेतीनशे वर्षं लोकांनी तसं वाचलं, कायद्यांतही तोच शब्द गेला.

यहूदाच्या पत्रात ७ व्या वचनात सदोमचे लोक 'दुसऱ्या देहा'च्या मागे लागले असं आहे. ग्रीकमध्ये तिथे 'हेतेरास' आहे, वेगळ्या प्रकारचा. पाहुणे देवदूत होते, त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांना तो संदर्भ देवदूतांचा वाटतो. इंग्रजी भाषांतरांनी 'अनैसर्गिक वासना' किंवा 'विकृती' लिहून टाकलं.

प्रश्न: मी २२ वर्षांचा आहे. माझा आवाज आणि चालणं थोडं नाजूक आहे. आमच्या चर्चमधले एक दादा सगळ्यांसमोर मला 'इफेमिनेट' वालं वचन वाचून दाखवतात आणि म्हणतात हे तुझ्यासाठी लिहिलंय. मी गे आहे की नाही हे मलाच अजून नीट माहीत नाही. मी काय उत्तर देऊ?

बाळा, आधी हे वाच. तुझा आवाज पाप नाही. तुझं चालणं पाप नाही. ते वचन तुझ्या आवाजासाठी किंवा चालण्यासाठी लिहिलेलं नाही.

'इफेमिनेट' ज्याचं भाषांतर आहे तो मालाकोस (मालाकोईचं एकवचन) म्हणजे मऊ. मत्तय ११:८ मध्ये येशू बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल बोलताना हाच शब्द वापरतो, मऊ वस्त्रं घातलेला माणूस, जो राजवाड्यात राहतो. माणसाला लावला की जुन्या ग्रीक लिखाणात त्याचे भरपूर अर्थ होतात: आळशी, ऐषारामी, कष्ट न झेपणारा, स्वतःवर ताबा नसलेला, जेवणाचा किंवा बायकांचा फार नादी, आणि हो, पुरुषांशी संबंधात खालची बाजू घेणारा, हाही. म्हणून बरेच आधुनिक भाषांतरकार हा शेवटचा अर्थ घेतात, कारण शेजारी दुसरा शब्द आहे. पण त्या सगळ्या अर्थांच्या मागे त्या काळाची एक समजूत आहे, की बाईसारखं असणं म्हणजे कमी असणं. ग्रीक आणि रोमन पुरुषांना यापेक्षा मोठी शिवी माहीत नव्हती. आज आपण ती समजूत देवाची म्हणून मुलांच्या गळ्यात बांधायची का, हा प्रश्न त्या दादांना विचारायला हवा.

आणि हा शब्द किती घसरत आलाय ते त्यांना सांग. लॅटिनमध्ये त्याचं 'मोलेस' झालं. मध्ययुगात कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी त्याच मुळाचा 'मोलितीज' हा शब्द हस्तमैथुनासाठी नोंदवलाय, आणि पुढे कित्येक पिढ्या कॅथलिक शिकवणीत या वचनाचा तो अर्थ घेतला गेला. १५६० च्या जिनीव्हा बायबलात तिथे 'स्वैर वागणारे' अशा अर्थाचा शब्द आहे. एका भाषांतरात दुबळे, दुसऱ्यात स्वैर, मग बायकी, मग पुरुष वेश्या. प्रत्येक काळाने आपल्याला जे सगळ्यात लाजिरवाणं वाटत होतं ते त्या शब्दात भरलं. हे समजून घेतलेला कुठलाही माणूस ते वचन तुझ्याकडे बोट दाखवून वाचणार नाही.

उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही रे. पाळकांना एकट्यात भेटून सांग की हे सगळ्यांसमोर चाललंय आणि थांबायला हवं. थांबलं नाही तर त्या ग्रुपला जाणं सोड, त्याने तुझा विश्वास कमी होत नाही. आणि घरात किंवा मित्रांत एक तरी माणूस शोध ज्याच्याशी हे बोलता येईल. जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येत असेल तर आजच, आत्ता, कोणाला तरी सांग, डॉक्टर, शिक्षक, मावशी, कोणीही.

प्रश्न: माझ्या मुलाने मला सांगितलं की तो समलैंगिक आहे. आमच्या धर्मगुरूंनी मला करिंथ ६ चं ११ वं वचन दिलं आणि म्हणाले बघा, पौल म्हणतो 'तुमच्यातले काही तसे होते', म्हणजे बदलता येतं. मला मुलगाही हवाय आणि वचनही. काय करू ताई?

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

११ वं वचन असं आहे: तुमच्यातले काही तसे होते, पण तुम्ही धुतले गेलात, पवित्र केले गेलात. आता नीट बघा भाषांतराने काय केलं. वरच्या ओळीत जर कृत्यं असतील, चोरी, लूट, शोषण, तर 'तसे होते' म्हणजे ती कृत्यं करणं सोडलं, हे सरळ आहे. पण वरच्या ओळीत 'होमोसेक्शुअल्स' घातलं की खालच्या ओळीचा अर्थ आपोआप बदलतो, 'काही जण होमोसेक्शुअल होते आणि आता नाहीत'. पौलाने ओढ बदलण्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, पण इंग्रजी वाचणाऱ्याला ते तिथे दिसायला लागलं. समलैंगिक माणसाला प्रार्थनेने 'बरं' करणाऱ्या संस्था अमेरिकेत निघाल्या तेव्हा त्यांच्या आवडत्या वचनांपैकी हे एक होतं. त्यातली सगळ्यात मोठी, एक्झोडस इंटरनॅशनल, १९७६ मध्ये सुरू झाली. तिचे शेवटचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे कबूल केलं की त्यांना भेटलेल्या जवळजवळ कोणाचीही ओढ बदललेली नाही. २०१३ मध्ये त्यांनी लोकांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली आणि संस्था बंद झाली. सदतीस वर्षं. त्या सदतीस वर्षांत ज्या आयांनी आपली मुलं तिथे पाठवली त्या वाईट आया नव्हत्या, त्यांनी हातातल्या पुस्तकात छापलेलं वाचलं आणि त्यावर भरवसा ठेवला.

म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती, त्याला 'बदलायला' कुठेही पाठवू नका. धर्मगुरूंशी भांडायची गरज नाही. त्यांना विचारा की फादर, ९ व्या वचनात मूळ शब्द किती आहेत, आणि ११ वं वचन ओढीबद्दल आहे की वागण्याबद्दल. जे धर्मगुरू समलैंगिक संबंधांना पाप मानतात त्यांच्यातलेही बरेच जण आज मान्य करतात की नुसती ओढ पाप नाही, कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवणही कृती आणि ओढ यांत फरक करते. तुम्हाला त्या शिकवणीतलं बाकी सगळं पटो न पटो, मुलाला तू आहेस म्हणून देव तुला नाकारतो असं सांगायला तिच्यातही आधार नाही.

मुलाला जेवायला बोलवा, त्याच्याशी बोला, बायबल मध्ये आणायची घाई करू नका. तुमचं वाचन तुम्ही करा, त्याला परीक्षेला बसवू नका.

प्रश्न: मग कुठलं बायबल घ्यायचं?

एकच घेऊ नका, दोन-तीन शेजारी ठेवून वाचा आणि तळटीप कधीच सोडू नका. २०११ च्या न्यू इंटरनॅशनल व्हर्जनमध्ये 'पुरुषांशी संभोग करणारे पुरुष' असं आहे आणि खाली लिहिलंय की हे दोन ग्रीक शब्द आहेत. परंपरावादी अर्थ, पण निदान कृतीबद्दलचा आणि उघड सांगितलेला. बायबल सोसायटीच्या आपल्या मराठी भाषांतरातही दोन शब्दांना दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत आणि दोन्ही कृतीचं वर्णन करतात, आजच्या अर्थाने कोणा समूहाचं नाव तिथे नाही. याउलट १९७१ च्या लिव्हिंग बायबलने लेवीय १८:२२ मध्ये थेट समलैंगिकता पूर्ण निषिद्ध आहे, ते भयंकर पाप आहे असं लिहिलं होतं. ते भाषांतर नसून सोप्या शब्दांत केलेलं पुनर्लेखन आहे, पण लाखो घरांत ते बायबल म्हणूनच वाचलं गेलं.

प्रश्न: तुम्ही वचन वाकवताय. उद्या व्यभिचाराचाही असाच अर्थ लावाल. देवाचं वचन बदलत नाही.

तुमचा राग मला समजतो आणि तुमच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण मी वचन बदलायला सांगत नाहीये. मी म्हणतेय की पौलाने जे लिहिलं ते राहू द्या, १९४६ च्या कमिटीने लिहिलेलं त्याच्या तोंडी घालू नका. पवित्र शास्त्राबद्दल जितका आदर जास्त तितकी ही काळजी जास्त हवी. व्यभिचार करणारा कोणाचा तरी विश्वास मोडतो, तिथे दुखावलेला माणूस समोर असतो, ही तुलना मला लागू वाटत नाही.

आणि ही भाषांतराची चर्चा म्हणजे फक्त एका बाजूच्या लोकांचं काम नाही. नव्या कराराचे अभ्यासक रिचर्ड हेज यांनी १९९६ मध्ये या सगळ्या वचनांचा बारीक विचार करून समलैंगिक संबंधांच्या विरोधात लिहिलं होतं, ते लिखाण परंपरावादी लोक कित्येक वर्षं पुढे करत होते. २०२४ मध्ये त्यांनी मुलासोबत लिहून आपली भूमिका बदलली. वचनांचे शब्दार्थ त्यांनी फारसे बदलले नाहीत, देवाची दया बायबलभर कशी रुंदावत जाते यावर त्यांनी भर दिला. म्हणजे शब्दांवर सहमत असलेली माणसंही शेवटी वेगवेगळ्या ठिकाणी पोचतात. तुम्ही तुमच्या ठिकाणी राहू शकता. फक्त व्यासपीठावरून ते वचन वाचाल तेव्हा तिथे दोन शब्द आहेत आणि त्यांच्याबद्दल मतभेद आहेत एवढं मंडळीला सांगा. बाकावर कोण बसलंय ते आपल्याला माहीत नसतं.

प्रश्न: या सगळ्यात बायकांबद्दल कोणी बोलत नाही. मी लेस्बियन आहे. माझ्याबद्दल बायबल काय म्हणतं?

फार कमी. मालाकोई आणि आर्सेनोकोइताई दोन्ही शब्द पुरुषांचे आहेत. लेवीयाची दोन्ही वचनं पुरुषांना उद्देशून आहेत. बायकांचा उल्लेख म्हणून जे दाखवलं जातं ते एकच, रोमकरांस पत्र १:२६, की त्यांच्या स्त्रियांनी नैसर्गिक उपभोग सोडून अनैसर्गिक धरला. तिथेही बायका बायकांशी असं लिहिलेलं नाही, ते पुढच्या वचनातल्या पुरुषांवरून वाचणारे जोडतात. प्राचीन चर्चमधल्या ऑगस्टिन या विचारवंताने हेच वचन बायका आणि पुरुष यांच्यातल्या, मूल होऊ न देणाऱ्या संभोगाबद्दल घेतलं होतं. 'निसर्गाविरुद्ध' हा शब्दप्रयोग तर पौल त्याच पत्रात ११:२४ मध्ये देवासाठी वापरतो, जंगली जैतुनाची फांदी देवाने निसर्गाविरुद्ध चांगल्या झाडाला लावली, म्हणजे परराष्ट्रीयांना आपल्यात घेतलं.

करिंथच्या त्या यादीत तुम्ही कधी नव्हतात. १९४६ मध्ये जो इंग्रजी शब्द घातला गेला त्यात पुरुष आणि बाई दोन्ही येतात, तेव्हा त्या वचनात बायका पहिल्यांदा गेल्या, आणि कमिटीत त्यावर वेगळा विचार झाला असेल असं निदान छापलेल्या तळटीपेवरून तरी दिसत नाही.